दाढदुखीचे गुण

गेल्या वर्षभरात दात, तोंड किंवा कवळी यांच्या त्रासापायी तुम्ही इतरांवर चिडलात का? अशा अर्थाचा एक प्रश्न दंतवैद्यकातल्या एका प्रश्नावलीत आहे. उत्तराला पर्याय पाच. कधीच नाही, क्वचित, अधूनमधून, बऱ्याचदा आणि फार वेळा. पहिल्याला शून्य गुण, शेवटच्याला चार. प्रश्न वाचून झाला की नवरामाणूस पेन हातात धरून आधी बायकोकडे बघतो. आपण चिडलो एवढं त्याला आठवत असतं. ते दाढेमुळे, की मुळातला स्वभावच तसा, हा निवाडा मात्र घरातल्याच कुणीतरी द्यावा लागतो. आणि तो ताबडतोब मिळतो.

"दाढ तर परवा दुखायला लागली."

प्रश्नावलीत असे १४ प्रश्न आहेत. तेव्हा जास्तीत जास्त गुण ५६. आयुष्यभर गुणांमागे धावलेल्या मराठी माणसाला ही परीक्षा चमत्कारिक वाटते, कारण इथे पैकीच्या पैकी मिळवणाऱ्याची कीव करायची असते आणि शून्यवाल्याचं अभिनंदन. तिचं नाव 'ओरल हेल्थ इम्पॅक्ट प्रोफाइल', लाडाने 'ओहिप'. ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या गॅरी स्लेड आणि जॉन स्पेन्सर यांनी १९९४ साली ती प्रसिद्ध केली. तेव्हा प्रश्न ४९ होते. लोकांचा दम कुठवर टिकतो हे बहुधा कळल्यामुळे १९९७ साली स्लेड यांनीच ते १४वर आणले.

आता दातांचा हिशेब करायला माणसाला प्रश्न कशाला विचारायचे? दात दिसतात, बोटाला लागतात आणि सहसा बत्तिसाच्या पुढे जात नाहीत. मोजले की झालं. डॉक्टर मंडळींनी बरीच वर्षं तेच केलं. अमेरिकेत १९३८च्या सुमाराला एक बेरीज रूढ झाली. किडलेले किती, किडीपायी गेलेले किती, भरलेले किती, सगळे मिळून एक आकडा. ती आजही जगभर चालते आणि तिचे उपकार मोठे आहेत. पण तिच्यात पाच दात काळेठिक्कर पडलेला माणूस आणि पाच दात वेळच्या वेळी भरून घेतलेला माणूस शेजारी शेजारी बसतात. दोघांचेही पाचच. शिवाय हा आकडा एकदा चढला की उतरत नाही. लहानपणी पेपरमिंटपायी गेलेली दाढ सत्तरीतही हजेरीपटावर असते.

आणि या बेरजेत ठणक्याला रकानाच नाही. रात्री दोन वाजता गालावर हात धरून स्वयंपाकघरात आलेला, लवंगेचा डबा शोधणारा गृहस्थ तिच्यात कुठेच बसत नाही. घरात लवंग कुठे ठेवतात, हे संसाराला पंचवीस वर्षं झाली तरी त्याला माहीत नसतं. तो एकेक डबा उघडून वास घेत जातो. वेलदोडा, दालचिनी, खाण्याचा सोडा. शेवटी लवंग सापडते तेव्हा सगळं घर जागं झालेलं असतं. डॉक्टरच्या वहीत याची नोंद 'किडलेले : एक' एवढीच होणार.

टोरोंटोच्या डेव्हिड लॉकर यांनी १९८८ साली ही गोष्ट जरा नीट मांडली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली अपंगत्वाचा विचार करायला जी चौकट केली होती, ती त्यांनी तोंडाला लावली. दातात बिघाड होतो. त्यामुळे एखादी क्रिया अडते किंवा दुखतं. त्यामुळे रोजचं काहीतरी करता येईनासं होतं. आणि त्या सगळ्यामुळे माणसाची चार माणसांतली जागा हलते. वाचताना हे रुक्ष वाटतं, म्हणून आमच्या आत्याचं सांगतो. तिचा वरचा पुढचा दात पडला. बिघाड एवढाच. 'विठ्ठल विठ्ठल' म्हणताना तिचं काही अडत नसे, पण 'संत सज्जन' आलं की फटीतून वारा सुटायचा. भजनी मंडळात पुढे बसून सांगणारी आत्या मागे टाळ घेऊन बसू लागली. मग आषाढात गुडघ्याचं निमित्त झालं, श्रावणात पाहुण्यांचं. दिवाळीच्या सुमाराला मंडळातल्या बायका म्हणू लागल्या, "मुलगा पुण्याला मोठ्या नोकरीला लागल्यापासून वन्संना आपण दिसत नाही." एका दाताची फट, आणि मजल गर्विष्ठपणाच्या आळापर्यंत गेली. लॉकरसाहेबांच्या साखळीतल्या सगळ्या कड्या आत्याने गावातल्या विठ्ठलमंदिरात सिद्ध करून दाखवल्या होत्या.

ओहिप हीच साखळी सात भागांत विभागून विचारते. मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं हे की प्रश्न तज्ज्ञांनी टेबलाशी बसून ठरवले नाहीत. स्लेड-स्पेन्सर यांनी ६४ रुग्णांना बोलतं केलं आणि दातांपायी काय काय भोगलं याची ५३५ विधानं गोळा केली. माणशी आठाच्या आसपास. आपल्याकडे एखाद्या मांडवात "काय, दाढ कशी आहे?" एवढं विचारलं असतं तर पहिली पंगत उठायच्या आत काम आटोपलं असतं, आणि वर कोणत्या गावच्या वैद्याकडे जावं आणि कोणाकडे मुळीच जाऊ नये, हेही कळलं असतं. त्या ५३५मधून गाळून ४६ उरली, तीन दुसरीकडून घेतली. मग कोणतं दुःख किती वजनाचं हे ठरवायला माणसांपुढे जोड्या ठेवल्या. या दोहोंतलं जास्त वाईट कोणतं, सांगा. समजा विचारलं, जेवण अर्धवट सोडावं लागणं, की चारचौघांत संकोच वाटणं? हा प्रश्न आमच्या दोन काकांना घातला असता तर दोघांत भांडण लागलं असतं. एक काका जेवणाच्या बाजूने कोर्टात गेले असते.

४९चे १४ करताना मात्र मराठी माणसावर नकळत अन्याय झाला, असं माझं मत आहे. मोठ्या प्रश्नावलीत दातांत अन्न अडकतं का, असा प्रश्न होता. छोट्या आवृत्तीत तो गळाला. तोंडाला वास येतो का, हाही गळाला. चावायला त्रास होतो का, हासुद्धा! गाळणी संख्याशास्त्राची होती, तिला दोष देता येत नाही. उरलेले १४ मोठ्या प्रश्नावलीतलं बहुतेक सगळं सांगून जातात, असं गणिताने दाखवलं. पण रायवळ आंब्याचे केसर दोन दाढांमध्ये अडकलेत, शेवग्याच्या शेंगेचा धागा निघता निघत नाही, समोर व्याही बसलेत, आणि जीभ आतल्या आत खोदकाम करते आहे, अशा स्थितीतल्या माणसाला गणिताने काय दिलासा मिळणार? त्या वेळी तो व्याह्यांच्या प्रत्येक बोलण्याला मान डोलावतो. आमच्या माहितीतली एक देण्याघेण्याची बोलणी अशीच विनातक्रार पार पडली. मुलीकडचे आजही म्हणतात, माणसं किती समंजस!

चावण्याचा प्रश्न ज्यांना हवा त्यांच्यासाठी दुसरी एक प्रश्नावली आहे. अॅचिसन आणि डोलन या दोघींनी अमेरिकेत १९९० साली केलेली, मुळात वृद्धांसाठी, १२ प्रश्नांची. तिच्यात विचारतात की सफरचंद किंवा घट्ट मांस चावायला अडचण येते का. आपल्याकडे सफरचंद आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायची वस्तू आहे, आणि आजाऱ्याला ते चिरून, साल काढून मिळतं. दातांची खरी पारख पेरू करतो. त्याची साल, त्याचा गर, आणि मग त्याच्या बिया. कवळी वापरणाऱ्याला विचारा, पेरूची एक बी कवळीखाली गेली की काय होतं. माणूस बोलत असतो, बोलता बोलता थांबतो, डोळे मिटतो, आणि लोकांना वाटतं की आता काहीतरी गहन सांगणार. ज्वारीची भाकरी, ऊस, सुका बोंबील, तिळाची वडी, कडबोळं. आमच्या खाद्यपदार्थांतले निम्मे दातांची परीक्षा घेण्यासाठीच केले असावेत. कडबोळ्यावरून तर नात्यांची कल्पना येते. सासूबाईंचे दात गेल्यावरही ज्या घरात कडबोळी कडकच होतात, त्या घराबद्दल जास्त चौकशी करू नये.

पण आता खरी अडचण सांगतो. आमच्या आजीच्या तोंडाचं बोळकं झालं होतं. एकही दात नाही. कवळी करून दिली होती, ती कपाटात लुगड्यांच्या घडीखाली असायची, लग्नकार्याला बाहेर निघायची, मंगळसूत्राच्या आगेमागे अंगावर चढायची आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी उतरायची. तर या आजीला आपण ओहिप दिली असती तर? जेवताना त्रास होतो? "मुळीच नाही." कारण भाकरी दुधात कुस्करलेली, वरण गुरगुट्या भातावर ओतलेलं. अन्नाची चव गेलीय? "चव सुनेच्या हातात असते, माझ्या दातात नव्हे." संकोच? "मेले, या वयात?" एकूण गुण : शून्य.

आणि तिचा पणतू. दात मोत्यासारखे, एकही किडलेला नाही, १९३८च्या बेरजेत शून्य. फक्त वरचा एक सुळा किंचित पुढे आलेला. तो फोटोत ओठ मिटून उभा राहतो. शाळेच्या संमेलनात त्याने नाटकातलं काम नाकारलं, कारण त्यात हसायचं होतं. आरशासमोर त्याचा जेवढा वेळ जातो तेवढ्यात आजीची तिन्हीसांजेची सगळी स्तोत्रं म्हणून होत असत. त्याचे गुण सहज वीसच्या पुढे जातील.

म्हणजे डॉक्टरच्या आरशात आजी नापास आणि पणतू पहिला. प्रश्नावलीत बरोबर उलट. कुणाचं खोटं म्हणायचं? कुणाचंच नाही. तपासणीत दिसणारे दात आणि माणसाने सांगितलेला त्रास यांचा मेळ बेताचाच बसतो, हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. म्हातारी माणसं तोंडाची अवस्था बिकट असतानाही तक्रार कमी करतात, हेही. दात जातात तसं वय त्यांचं जाणं पदरात घेत जातं. आजी एका बाजूने चावायला शिकली, मग हिरड्यांनी, मग न चावता गिळायला. प्रत्येक पायरीला तिने अपेक्षा थोडी खाली आणली आणि गुण शून्यावर ठेवले. मला या शून्याचं कौतुकही वाटतं आणि संशयही येतो. कारण त्या वृद्धांच्या प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न आहे की दातांपायी तुम्ही खाणं आखडतं घेतलंत का, आणि तोही फक्त गेल्या तीन महिन्यांपुरता. ज्या बाईने हुरडा वीस वर्षांपूर्वीच सोडला, ती गेल्या तीन महिन्यांत काय आखडतं घेणार?

लाज कुठे वाटते, हेही दातावर कमी आणि गावावर जास्त ठरतं. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत विहिरीच्या, बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. एका लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर ते गेलं, आणि दात घडण्याच्या वयात पोरांनी ते पाणी प्यायलं, की पक्के दात पांढुरके ठिपके, पिवळे-तपकिरी पट्टे घेऊनच येतात. घासून जात नाहीत. गावात ते कुणाच्या ध्यानातही येत नाही. वर्गातल्या सगळ्यांचेच दात तसे. मुलगा खदाखदा हसतो. तोच मुलगा शिकायला नागपूर-पुण्याला आला आणि कॅन्टीनमध्ये कुणी म्हणालं, "काय रे, ब्रश करत नाहीस का?" की त्या संध्याकाळपासून त्याचं हसू निम्म्यावर येतं. दात तेच, रंग तोच, गुण मात्र रातोरात वाढले. प्रश्नावलीत 'तुमच्या शेजारच्या बाकावर कोण आहे?' असाही एक प्रश्न हवा होता.

काही वेळा मात्र माणूस स्वतःचा त्रास ओळखतच नाही, आणि तिथे माझा विनोद जरा अडखळतो. विदर्भात खर्रा, इकडे मावा, आणि सगळीकडे गुटखा. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. टपरीवाल्याला ती चांगली ठाऊक आहे, म्हणून तो पुडी खालून काढतो. या सगळ्यांतली सुपारी तोंडात धरून धरून गालाच्या आतलं अस्तर आवळत जातं. सुरुवातीला फक्त तिखट झोंबतं. पंचविशीतलं पोर ठेच्याला हात लावेनासं होतं, दहीभातावर येतं, आणि आई कौतुकाने सांगते की आमचा आताशा अगदी सात्त्विक झालाय. मग वडापाव दाबून चपटा करून खातो. मग एक दिवस पाणीपुरी ओठांतून आत जात नाही. डॉक्टर म्हणतात, तीन बोटं उभी करून तोंडात घाल. दोनच जातात. त्याला विचारलं तर जगण्याच्या दर्जावर परिणाम वगैरे काही झालेला नसतो; पाणीपुरी त्याला म्हणे पूर्वीपासूनच फारशी आवडत नाही. ही आवडीनिवडीची पडती बाजू कुठल्या रकान्यात लिहायची, ते मला सुचत नाही. अस्तर एकदा आवळलं की पहिल्यासारखं सैल होत नाही, आणि पुढे त्यातून कर्करोगाचं भय असतं, हे त्याला प्रश्नावली नव्हे, कुणीतरी माणसानेच बसवून सांगायला हवं.

दातांपायी येणाऱ्या लाजेतून थोरामोठ्यांचीही सुटका नाही. जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ साली अमेरिकेचे पहिले अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात शिल्लक होता. कवळी पाणघोड्याच्या दाताची. १७९३ साली दुसऱ्यांदा शपथ घेतली तेव्हाचं भाषण अवघ्या १३५ शब्दांचं. ते दातांमुळे, असं मी म्हणत नाही; पण ज्यांनी स्प्रिंगची कवळी दाबून धरत बोलून पाहिलंय ते म्हणतील. त्यांनी आपल्या दंतवैद्याला लिहिलेली पत्रं आहेत. एवढा सेनापती, एवढी युद्धं, आणि पत्रात तक्रार ही की कवळीने ओठ पुढे येतात. जणू खाता येत नाही हे एक वेळ चालेल, पण दिसायला बरं दिसलं पाहिजे. आमचा तो सुळेवाला पणतू आणि वॉशिंग्टन यांचं छान जमलं असतं.

थायलंडमध्ये १९९०च्या दशकात दातांचा त्रास मोजायची आणखी एक रीत निघाली. ती आठ रोजच्या गोष्टी घेते. खाणं, बोलणं, दात घासणं, झोप, मोकळं हसणं, मन ठिकाणावर असणं, काम, माणसांत मिसळणं. त्रास किती वेळा झाला आणि किती झाला, याचा गुणाकार करते. लहान मुलांसाठी तर उत्तरं आईबापच देतात. अमेरिकेत २००७ साली आलेल्या १३ प्रश्नांच्या एका प्रश्नावलीत शेवटचे चार प्रश्न घराविषयीच आहेत. मुलाच्या दातांपायी तुम्हाला अपराधी वाटलं का, रजा काढावी लागली का, खर्चाचा फटका बसला का. हे ज्याने घातलं त्याच्या घरी नक्की रात्री दाढदुखीने रडणारं पोर होतं. आपल्याकडे यात आणखी एक प्रश्न खपला असता, की चॉकलेट कुणी दिलं यावरून दोन पिढ्यांत किती दिवस अबोला होता.

उपचार कामाला आला की नाही, हे पाहायलाही या प्रश्नावल्या वापरतात. आधी गुण काढायचे, उपचार करायचे, काही महिन्यांनी पुन्हा काढायचे. गुण उतरले की डॉक्टर खूश. आमच्या शेजारच्या आजोबांच्या बाबतीत हे घडताना पाहिलं. त्यांची जुनी कवळी इतकी सैल झाली होती की शिंक आली तर ते आधी हात पुढे धरत. मुलाने हट्टाने नवीन करवली. दंत महाविद्यालयातली एक शिकाऊ डॉक्टर मुलगी कागद घेऊन प्रश्न विचारायची. पहिल्या वेळी आजोबांचे जवळजवळ सगळे 'कधीच नाही'. नवीन कवळी बसवून सहा महिन्यांनी गेले तर गुण दुप्पट. जेवताना दुखतं? अधूनमधून. जेवण मध्येच थांबवावं लागतं? बऱ्याचदा. मुलगी बिचारी हिरमुसली.

"आजोबा, म्हणजे नवीन कवळीने त्रास वाढला?"

"वाढणारच की, बाळ. जुनीने कुठे मी चिक्की खात होतो?"

मुलीने कागदावर कुठे खूण केली ते आजोबांना दिसलं नाही. ते तोवर बाहेर येऊन मुलाला विचारत होते, की येताना स्टँडवर लोणावळ्याची गाडी लागलेली दिसली, तिथे शेंगदाण्याची मिळते की फक्त काजूची?